मावशीनं सांगितलेली आई

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींसाठी हल्ली ज्या इंग्रजी कादंबऱ्या येतात, त्यांतल्या बऱ्याचशांत एक प्रकरण ठरलेलं असतं. पुस्तक निम्म्याच्या पुढं गेलेलं असतं. मायलेकींचं भांडण टोकाला गेलेलं, बोलणं बंद, मुलगी घरातून निघून गेलेली नाहीतर तिला कुठंतरी लांब धाडलेलं. अशात कुणीतरी तिला बाजूला घेतं आणि म्हणतं, तुझ्या आईचं काय झालं होतं ते तुला माहीत नाही. मग आईच्या तरुणपणातलं काहीतरी भयंकर बाहेर येतं. मुलगी रडते, वाचणारी रडते, आणि तिथून पुस्तक उताराला लागतं.

माझ्या लेकीच्या कपाटात अशा पुस्तकांची चळत आहे. मी ती वाचायला घेतली ती काही साहित्याच्या ओढीनं नाही, सरळ हेरगिरी होती. दार लावून ही पोरगी तासन् तास काय वाचते आणि मग जेवताना माझ्याकडं असं रोखून का बघते, ते मला बघायचं होतं. वाचल्यावर उलगडा झाला. प्रत्येक पुस्तकात मी होते. गाव न्यूयॉर्क असो नाहीतर शिकागो, 'इतका वेळ कुठं होतीस' आणि 'लोक काय म्हणतील' ही दोन वाक्यं माझ्याच तोंडची.

एलिझाबेथ अ‍ॅसेवेडोची 'द पोएट एक्स' ही कादंबरी 2018 सालची, सबंध कवितेत लिहिलेली. सियोमारा ही हार्लेममधल्या डॉमिनिकन घरातली पोरगी. आई कडक देवधर्माची. पोरगी चोरून कविता लिहिते, एक दिवस वही आईच्या हाती लागते आणि आई ती पेटवून देते. हे मी ओट्यापाशी उभ्यानं वाचलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. या आईला स्वतःला नन व्हायचं होतं, हेही पुस्तकात कळतं. घरच्यांनी लग्न लावून दिलं, कारण त्या लग्नातून अमेरिकेचा रस्ता मिळत होता. एरिका सांचेझच्या 'आय अ‍ॅम नॉट युवर परफेक्ट मेक्सिकन डॉटर' (2017) मधल्या हूलियाची आई शिकागोत लोकांच्या घरची साफसफाई करते. थोरली, गुणी, आईच्या शब्दाबाहेर नसलेली लेक अपघातात गेलेली आहे आणि उरलीय ती ही तोंडाळ धाकटी. दोघींचं एक मिनिट पटत नाही. हूलियाला शेवटी मेक्सिकोत आजीच्या गावी पाठवतात. सीमा ओलांडताना आपल्या आईवर काय अत्याचार झाला होता, ते तिला तिथं कळतं. कळतं कुणाकडून, तर घरातल्या दुसऱ्या बाईकडून. आई स्वतः बोलत नाही.

हे 'दुसऱ्या बाईकडून' माझ्या डोक्यातून जाईना.

आधी आपल्याकडचं सांगते. मराठीत या वयाच्या पोरीनं आईविषयी वाचायचं म्हटलं, तर काय हातात द्यावं? आपली सगळ्यांत मोठी आई म्हणजे श्यामची. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ते पुस्तक लिहिलं. बेचाळीस रात्रींच्या गोष्टी, आणि सांगणारा मुलगा. पोहायला जात नाही म्हणून फोक घेऊन पोराला विहिरीवर घालवणारी ती आई काही नुसती मऊ नाही, हे लोक विसरतात. पण मला हल्ली वेगळंच खुपतं. श्यामला एक थोरली बहीण आहे. तिच्या लग्नाची सबंध एक रात्र आहे त्या पुस्तकात. त्याच आईच्या हाताखाली ती वाढली, तिनंही बोलणी खाल्ली असतील. पण बेचाळीस रात्रींत एका रात्रीही कुणी तिला विचारत नाही, अक्का, तुझी आई कशी होती गं? श्यामची आई अख्ख्या महाराष्ट्राची झाली. अक्काची आई कुणाला माहीत नाही.

पुढं आले ते पोरगेच. फास्टर फेणे आला, गोट्या आला. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर माझा जीव की प्राण. भाषेला बेळगावकडची वळणं, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या शेजारघरचीच. आईपासून लांब, आजी-आजोबांकडं राहणाऱ्या त्या पोराचं आतून तुटणं संतांनी जसं लिहिलंय तसं मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण लंपनच्या जागी लंपी असती तर? ती आईवर नुसती झुरली नसती, तिनं आईशी भांडणही काढलं असतं. मोठ्यांच्या साहित्यात बायकांनी हे लिहिलं, नाही असं नाही. इरावती कर्व्यांच्या 'परिपूर्ती'मध्ये बाईंची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची बायको अशी होत राहते आणि शेवटी रस्त्यातली शाळकरी पोरं 'ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई' म्हणतात तेव्हा ती पुरी होते. मुलाची आई म्हणून. त्या घरातल्या दोन्ही मुली, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, पुढं लेखिका झाल्या. गौरीबाईंनी आया आणि लेकी अशा काही लिहिल्या की मी विशीत त्या वाचून दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नव्हते. पण ते विशीतलं वाचन. पंधराव्या वर्षी, दार आपटून आत गेल्यावर उशाशी घ्यायला मराठीत फार काही नाही. म्हणून पोरी हार्लेमला जातात.

आता ती दुसरी बाई.

आमच्या आजोळी, शिवाजी पेठेत, वर्षाची चटणी करायचा घाट एप्रिलच्या शेवटाला असायचा. बाहेरच्यांना कांदा-लसूण मसाला म्हणून सांगावं लागतं. आमच्यात ती नुसती चटणी. रंगाला ब्याडगी, तिखटाला जवारी. गच्चीवर जुनी धोतरं अंथरून दोन-तीन दिवस मिरच्या कडकडीत वाळवायच्या, मग बायकांनी गोल करून देठं खुडायची, आणि खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला वेगवेगळा भाजून सगळं कांडपाला न्यायचं. देठ खुडायचं काम दिसायला सोपं. तासाभरात बोटांची आग व्हायला लागते, तेल लावून उपयोग नसतो, आणि चुकून डोळ्याला हात लागला तर संपलंच. त्यामुळं हात गुंतलेले, उठायची सोय नाही आणि तोंड मोकळं. आमच्या घरातली निम्मी गुपितं त्या मिरच्यांवर फुटलेली आहेत.

माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मी नेहमीसारखी आईला टोमणा मारला. माझी एक जुनी जखम होती. बी.ए. झाल्यावर मला पुण्याला शिकायला जायचं होतं, प्रवेशही झाला होता, आणि आईनं 'इथं विद्यापीठ असताना पुण्याला कशाला?' म्हणून विषय मिटवला होता. वाईट काही झालं नाही. शिवाजी विद्यापीठातले मोर बघत माझं एम.ए. पार पडलं. पण टोमणा मारायची संधी मी सोडायची नाही. त्या दिवशी आई खाली कांदे घेऊन येते म्हणून उठली आणि मावशी माझ्याकडं सरकली.

"तिला बोलतीस खरं. तुला म्हाईत न्हाई व्हय गं? तुझी आई खो-खोत लई भारी होती. पेटाळ्याच्या मैदानावर बघायला पोरं जमायची. खुंटाला हात घालून अशी गिरकी मारायची, समोरची बघतच ऱ्हायची."

मला माहीत नव्हतं. माझी आई पळते हेच मला माहीत नव्हतं. मी तिला रिक्षासाठीसुद्धा पळताना बघितलेली नाही. मावशीनं पुढचं सांगितलं. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी निवड झाली, बाकी मुली निघाल्या, आणि माझ्या आज्जीनं नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणून भागलं असतं. पण पोरगी पळून जाईल की काय या धास्तीनं आज्जीनं तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट उचलून चुलतभावाला देऊन टाकले. सकाळी तो ते घालून अंगणातून गेला. आईनं बघितलं. दोन दिवस जेवली नाही, आणि त्यानंतर मैदानाचं नाव काढलं नाही.

आई वर आली. मावशी गप्प. आईनं आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "देठं राहायलीत त्यात. नीट बघून खुडा."

त्या दुपारपर्यंत माझ्याकडं एक धड राग होता, माझ्या हक्काचा. मावशीनं सांगितल्यावर तो धरता येईना. पुण्याचं काढावं तर समोर बिनबुटाची पोरगी उभी. बरं, माफ करावं तर कुणाला? आईनं मला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिची माझ्याकडं मागणीच नव्हती. आणि विचारायची सोय नव्हती, कारण मला ते माहीत असणंच चोरीचं होतं. मी टोमणे बंद केले एवढंच झालं. आमच्यातलं बोलणं त्यानंतर वाढलं नाही. उलट मी जपून बोलायला लागले, आणि जपून बोलणाऱ्या लेकीला आई लगेच ओळखते. तिला वाटलं, सासरी गेली आणि परकी झाली.

म्हणून त्या ठरलेल्या प्रकरणावर माझा विश्वास नाही. आईचं दुःख कळलं की लेकीचं दुःख फिटतं, असा एक हिशेब त्याच्यामागं असतो. फिटत नाही. वही जळालेलीच असते. वर पंधरा वर्षांच्या पोरीवर आणखी एक काम येऊन पडतं, आईला समजून घ्यायचं. आईनं आज्जीला समजून घेतलं, आता तू आईला घे, उद्या तुझी पोरगी तुला घेईल. वारसा तोच, फक्त दागिन्यांऐवजी समजूतदारपणा. माझी लेक हूलियाबद्दल फटकन म्हणाली होती, "तिच्या आईचं लई वाईट झालं, मान्य. पण त्यात हूलियाची काय चूक? मी तर घरी परत आलो नसतो." मी तिला गप्प केलं. मनातून पटलं होतं.

काही पुस्तकं या मोहातून सुटतात. 'हंगर गेम्स' लोक मारामारीसाठी वाचतात; मी तिच्यातल्या आईसाठी वाचली. खाणीतल्या स्फोटात नवरा गेल्यावर ही बाई अंथरुणाला खिळल्यासारखी होते, दोन लेकी उपाशी, आणि थोरली कॅटनिस जंगलात शिकार करून घर चालवते. आईचं दुःख तिला पहिल्यापासून माहीत आहे. तिच्यासमोरच घडलंय सगळं. तरी तिला ते माफ करता येत नाही. तिन्ही पुस्तकं संपली तरी सुझॅन कॉलिन्स दोघींना गळ्यात गळे घालायला लावत नाही. धाकटी लेक गेल्यावर आईला त्या जुन्या घरी परतवत नाही, ती डिस्ट्रिक्ट चारमध्ये हॉस्पिटल उभारायच्या कामाला जाते. फोनवर दोघी रडतात, तेवढंच. कॅटनिसला स्वतःला मूल नको असतं, कितीतरी वर्षं. होतात तेव्हाही धास्ती घेऊनच होतात. मला हे जास्त खरं वाटतं. आणि काही आया अशाही असतात की त्यांच्यापासून लांब राहण्यातच लेकीचं भलं असतं. त्यांच्या लेकींना समेटाची पुस्तकं वाचायला देऊ नयेत.

पण मला हवं होतं ते मिळालं भलत्याच जुन्या पुस्तकात. लुईसा मे अल्कॉटची 'लिटल विमेन', 1868. शान्ताबाई शेळक्यांची 'चौघीजणी' म्हणून ती मी करवीर नगर वाचन मंदिरातून आणून शाळेत असतानाच वाचली होती, आणि मला त्यातलं आठवत होतं ते फक्त पियानो, बर्फ आणि बेथ. आई म्हणजे साखरेची बाहुली अशीच माझी आठवण. लेकीच्या निमित्तानं परत वाचली.

त्यातही एक वही जळते. थेट दीडशे वर्षं आधी, आणि जाळणारी आई नसून धाकटी बहीण, पण लिहिणाऱ्या पोरीची वही जळते. ज्यो बहिणीला माफ करत नाही. दुसऱ्या दिवशी ती बहीण बर्फ फुटून पाण्यात पडते, थोडक्यात वाचते. रात्री ज्यो आईपाशी रडते की माझा राग फार वाईट आहे, माझ्या हातून कधीतरी भयंकर काहीतरी होईल. आता इथं कुठलीही आई काय म्हणेल? देवाचं नाव घे, शांत हो. ही बाई सांगते की माझाही राग असाच होता. चाळीस वर्षं तो घालवायला बघतेय, नुसता आवरता येतो, जात नाही. जवळजवळ रोज मला राग येतो.

ज्योला धक्का बसतो. कारण आई ओठ घट्ट मिटून खोलीबाहेर जायची ते तिनं बघितलेलं असतं, वडील हळूच ओठांवर बोट ठेवायचे तेही बघितलेलं असतं, अर्थ आज लागतो. आणि तिसरी पिढीही तिथंच येऊन बसते. ही आई म्हणते की तिची स्वतःची आई तिला राग आवरायला मदत करायची, पण ती लवकर गेली आणि मग पुढं एकटीनंच झगडावं लागलं.

राग गिळायचा हा तोडगा मला अजिबात मान्य नाही. नवऱ्यानं ओठांवर बोट ठेवायचं आणि बायकोनं खोलीबाहेर जायचं, हे वाचून माझ्याच अंगाचा तिळपापड झाला. पण सांगायची रीत बघा. या आईनं जुनी जखम काढून दाखवली नाही. लेकीला ऋणात टाकलं नाही. ती आजचं सांगते: मी तुझ्यासारखीच आहे, या घडीला, रोज. आणि ते स्वतःच्या तोंडानं सांगते. ज्योला त्यात काही माफ करायचं नाही, फेडायचं नाही. तिला फक्त कळतं की या घरात रागीट बाई ती एकटी नाही. 2017 च्या कादंबरीत जे सांगायला दुसरी बाई लागते, ते 1868 च्या आईला स्वतःला जमलंय.

आमच्या गावात रुसव्याची एक जुनी गोष्ट आहे, आणि तिच्यातही खुलासा कमी, कृती जास्त. अंबाबाईनं कोल्हासुराला मारल्यावर त्याच्या पोरानं, कामाक्षानं, सगळ्या देवांना शेळ्या-मेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीनं त्याला मारून सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि तिलाच बोलवायचं राहिलं. ती जी उठली ती गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन, गावाकडं पाठ करून बसली. अंबाबाईची सखी म्हणतात तिला, कुणी बहीण म्हणतं. अंबाबाईनं निरोप्या पाठवला नाही की गडबडीत राहून गेलं, मनात नव्हतं. ती स्वतः लवाजम्यासकट टेकडी चढून गेली. अजून जाते. दर नवरात्रात ललिता पंचमीला पालखी त्याच टेकडीवर, टेंबलाईवर जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या फोडींसाठी झुंबड उडते. लहानपणी त्या रेटारेटीत माझी एक वेणी सुटायची आणि आई मला दंडाला धरून बाहेर ओढायची. सांगायचं कारण असं, की एवढी जगाची आई, पण तिलाही एकदा जाऊन भागलं नाही. दर वर्षी जावं लागतं.

आई सध्या आमच्याकडंच असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला जिने नकोत. लेकीला मी 'चौघीजणी' दिली होती, ती मराठी अडखळत वाचते, म्हणून आज्जीनं तिला मोठ्यानं वाचायला बसवलं. मी आत भाजी चिरत होते. ते रागाचं पान आलं. लेकीनं वाचलं, चाळीस वर्षं, रोज.

"चाळीसच?" आई म्हणाली. "माझी पन्नास झाली की."

"कुणावर गं आज्जी?"

"कुणावर काय विचारतीस? वही घे, लिही."

मला वाटलं चेष्टा चाललीय. पोरीनं खरंच वही घेतली. पहिला मान गेला तिच्या आजोबांना, ते जाऊन बारा वर्षं झालीत. कलम असं की पाहुणे घेऊन यायचे आणि मग सांगायचे. दुसरा आमच्या कॉलनीत पहाटे गाडी चालू करून ठेवणाऱ्या माणसाला. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "बुटाचं लिही. माझ्या आईनं माझे बूट भाऊसाला दिले. त्याला चावायचे ते. चावायचे तरी घालून हिंडला मेला." लेकीनं विचारलं, कसले बूट, आणि आईनं सगळं सांगितलं. खुंट, गिरकी, स्पर्धा. मावशीपेक्षा कमी शब्दांत, आणि दोन दिवस न जेवल्याचं गाळून. सुरी हातात धरून मी तशीच उभी.

"हे मम्मीला माहितीय?"

"आहे की. तुझ्या मावशीआज्जीनं त्या चटणीच्या दिवशीच ओकलं सगळं. दोघींची तोंडं बघूनच कळलं मला. तिचं नाव लिही. मोठं लिही. माझं मी सांगितलं असतं, तिला कुणी सांगितलेलं मधी पडायला?"

पुढचं नाव माझं होतं. त्याखाली बरीच कलमं निघाली. कोबीत हिंग नसतो, फोनवर बोलताना मान हलवते पण तोंडानं काही सांगत नाही, सासरी गेल्यावर पाहुण्यासारखी वागायला लागली. पुण्याचं त्यात एकही नव्हतं. ते मी माझ्या वहीत लिहीन म्हटलं, तर आई म्हणाली, "लिही की. पण मला वाचून दाखव."